मधल्या बाकावरचे सिनेमे

 

या सदराबद्दल एक तक्रार माझ्याकडे नेहमी येते. पवनीच्या एका सातवीतल्या वाचकमित्राने तर सरळ लिहून पाठवलं, "सर, तुम्ही कोणत्याच सिनेमाला धड चांगलं म्हणत नाही, धड वाईटही म्हणत नाही. इकडे हे बरं, तिकडे ते बरं नाही! बघायचा की नाही बघायचा, तेवढं एका शब्दात सांगा ना!"

प्रश्न अगदी रोखठोक आहे. म्हणून आज त्याचं उत्तर जरा सविस्तर देतो. आणि हो, उत्तर देता देता पाच सिनेमेही तपासून टाकू!

चांदण्या आणि श्रेण्या

वर्तमानपत्रात सिनेमाचं परीक्षण येतं, त्याच्याखाली चांदण्या छापलेल्या असतात. पाचपैकी पाच म्हणजे उत्तम. एक म्हणजे पैसे पाण्यात. पण जरा नीट बघा. बहुतेक सिनेमांच्या नशिबी अडीच किंवा तीन चांदण्या येतात. म्हणजे ना थंड, ना गरम. कोमट!

यात नवल काहीच नाही. तुमच्या वर्गाकडेच बघा की. सगळ्यात हुशार म्हणून ज्यांची नावं घेतली जातात, अशी मुलं दोन-चार. अगदी मागे पडलेली दोन-चार. बाकीची सारी कुठे असतात? मधल्या बाकांवर! सिनेमांचंही तसंच आहे.

आम्हा शिक्षकांना या मधल्या बाकांची चांगली सवय असते. २०१० साली आपल्या राज्यात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. नाव भलं मोठं आहे, पण अर्थ सोपा. पहिली ते आठवीच्या मुलाला नुसते मार्क द्यायचे नाहीत, श्रेणी द्यायची. ९१ ते १०० गुण म्हणजे अ-१. ८१ ते ९० म्हणजे अ-२. मग ब-१, ब-२, क-१ अशी खाली उतरत जाणारी शिडी. आणि या श्रेणीबरोबर आणखी एक गोष्ट लिहायची, ती म्हणजे वर्णनात्मक नोंद. मूल काय छान करतं, कुठे अडतं, ते शब्दांत मांडायचं.

आता गंमत बघा. दोन मुलांना भाषेत ब-२ मिळालं. एकाचं अक्षर मोत्यासारखं, पण स्वतःच्या मनाचं चार ओळी लिही म्हटलं की पेन थांबतो. दुसरीचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, पण गोष्ट अशी रंगवून लिहिते की वाचतच राहावं! श्रेणी दोघांची एकच. मुलं मात्र अगदी वेगळी. ती वेगळी कशी, हे कुठे कळतं? नोंदीत कळतं.

मी सिनेमाही असाच तपासतो. आधी श्रेणी आणि मग नोंद. श्रेणी विसरलात तरी चालेल, नोंद मात्र वाचायची. घ्या तर मग प्रगतिपुस्तकं!

आता थांबायचं नाय

हा मराठी सिनेमा १ मे २०२५ रोजी आला. दिग्दर्शक शिवराज वायचळ. मुंबई महापालिकेतले सफाई कामगार वयाची चाळिशी-पन्नाशी आल्यावर रात्रशाळेत जातात आणि दहावीच्या परीक्षेला बसतात, अशी गोष्ट. ती खऱ्या घटनेवरून घेतली आहे.

चांगलं काय? भरत जाधव आणि सिद्धार्थ जाधव यांना आपण पोट धरून हसवणारे म्हणून ओळखतो. इथे ते शांतपणे काम करतात, आणि दिवसभराच्या कामाचा शीण त्यांच्या चेहऱ्यावर दिसतो. ज्यांच्या घरी आई-बाबांचं शिक्षण अर्धवट राहिलं आहे, त्यांना हा सिनेमा आतून कळेल. आमच्या शाळेत अशी घरं पुष्कळ आहेत.

कमी काय? पहिल्या अर्ध्या तासात शेवट कळतो. बरं, शेवट आधी कळायलाही हरकत नाही. आजीच्या गोष्टीचा शेवट आपल्याला पाठ असतो, तरी आपण ऐकतोच. पण मग वाट रंगतदार हवी. इथे डोळ्यांत पाणी आणायची वेळ झाली की संगीत आधीच वर्दी देतं. थोडं आमच्यावर सोडा की! रडू यायचं असेल तर येईल.

श्रेणी ब-१. नोंद: मनाने चांगला आहे, मेहनती आहे. थोडा विश्वास ठेवायला शिकला पाहिजे.

एप्रिल मे ९९

याच महिन्यात, २३ मे २०२५ रोजी, रोहन मापुसकर यांचा हा सिनेमा आला. १९९९ सालची उन्हाळी सुट्टी, कोकणातलं गाव, जिवलग मित्र, आणि पुण्याहून सुट्टीत आलेली एक मुलगी. हातात मोबाइल नाही, डोक्याला घाई नाही. सायकली, समुद्र, आणि लांबच लांब दुपारी.

चांगलं काय? मुलं मुलांसारखी वागतात. पडद्यावरची पुष्कळ मुलं मोठ्यांनी लिहून दिलेलं शहाणपण बोलतात, तशी ही बोलत नाहीत. आपसात भांडतात, रुसतात, उगीच हसतात. अगदी आपल्यासारखी!

कमी काय? हा सिनेमा तुमच्यापेक्षा तुमच्या आई-बाबांचा आहे. जुनी वस्तू दिसली की तेच खुदकन हसतील, आणि तुम्ही विचाराल, "मग पुढे काय झालं?" पुढे फारसं काही होत नाही. आठवणी भरपूर आहेत, पण गोष्ट बारीक आहे.

आणखी एक विचार माझ्या मनात आला. आमच्या भंडारा जिल्ह्यात उन्हाळा म्हणजे पहाटे उठून मोहफुलं वेचणं, पुढे मे महिन्यात तेंदूपत्ता. माझ्या वर्गातली कितीतरी मुलं घरच्यांबरोबर जातात. त्यांच्याही सुट्टीत मित्र असतात, तलावात डुंबणं असतं, भांडणं असतात. त्या सुट्टीवर कुणीतरी सिनेमा काढला पाहिजे! हा काही या सिनेमाचा दोष नाही. कोकणातल्या माणसाने कोकण दाखवावं, तेच बरं. तुमच्यापैकी कुणी मोठेपणी दिग्दर्शक झालं तर लक्षात ठेवा, म्हणून सांगितलं.

श्रेणी ब-२. नोंद: स्वभाव गोड. अभ्यासात मन कमी, खिडकीबाहेर जास्त.

सितारे जमीन पर

आमिर खान यांचा हा हिंदी सिनेमा २० जून २०२५ रोजी थिएटरात आला. २०१८ च्या एका स्पॅनिश सिनेमावरून तो बेतला आहे. दिग्दर्शक आर. एस. प्रसन्ना. एक तुसडा बास्केटबॉल प्रशिक्षक दारू पिऊन गाडी चालवतो. न्यायालय त्याला शिक्षा म्हणून एका संघाला शिकवायला पाठवतं. संघातले सारे खेळाडू बौद्धिकदृष्ट्या वेगळे आहेत. शिकवायला गेलेला माणूस स्वतःच शिकून येतो, हे तुम्ही ओळखलंच असेल!

चांगलं काय? ते दहा खेळाडू! खरोखर तशीच असलेली दहा माणसं त्या भूमिकांसाठी घेतली आहेत. ती पडद्यावर आली की उजेड पडतो. त्यांच्यावर कुणी दया करावी असं ती मागत नाहीत. उलट प्रशिक्षकाचीच फिरकी घेतात!

कमी काय? सिनेमा त्या दहा जणांपेक्षा प्रशिक्षकाकडे जास्त वेळ बघत बसतो. त्याचं घर, त्याचं भांडण, त्याची भीती. शिवाय मधून मधून कुणीतरी भाषण देतं. अहो, खेळाडूंनी पास दिला, हसले, पडले, उठले, त्यातून आम्हाला कळलं होतं. परत फळ्यावर कशाला लिहून द्यायचं?

२००७ सालचा 'तारे जमीन पर' तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी टीव्हीवर बघितला असेल. त्यात ईशानला अक्षरं नाचताना दिसतात, आणि ती आपल्यालाही नाचताना दिसतात. ईशानच्या डोळ्यांनी बघायला मिळतं म्हणून तो सिनेमा आत शिरतो. नव्या सिनेमात आपण बहुतेक वेळ प्रशिक्षकाच्या डोळ्यांनी बघतो. फरक तेवढाच, पण मोठा!

श्रेणी ब-२. नोंद: गटकार्यात उत्तम. वर्गप्रमुखाने थोडं कमी बोलावं.

नाळ भाग २

२०२३ च्या दिवाळीत आलेला हा सिनेमा. पहिल्या 'नाळ'मध्ये (२०१८) विदर्भातल्या खेड्यातल्या चैत्याला कळतं, की आपल्याला वाढवणारी आई जन्म देणारी नाही. दुसऱ्या भागात तो जन्मदात्या आईच्या गावी जातो. तिथे त्याला चिमी नावाची इवलीशी बहीण भेटते.

या सिनेमाला २०२३ सालचा सर्वोत्कृष्ट बालचित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. श्रीनिवास पोकळे, भार्गव जगताप आणि चिमुकली त्रिशा ठोसर या तिघांनाही बालकलाकाराचा पुरस्कार मिळाला. मुलांचं काम बघाल तर तुम्हीही टाळ्या वाजवाल. त्रिशा अभिनय करते आहे असं कुठे वाटतच नाही.

मग माझी तक्रार काय? दिग्दर्शक सुधाकर रेड्डी यक्कंटी हे मुळात कॅमेऱ्याचे कलावंत. 'सैराट'चं छायाचित्रण त्यांचंच. त्यामुळे डोंगर, पाऊस, हिरवळ हे सगळं इतकं देखणं दिसतं, की गोष्टही मध्येच पाय पसरून बसते आणि देखावा बघू लागते. पहिल्या भागात चैत्याच्या पोटातला प्रश्न आपल्याही पोटात गोळा आणत होता. इथे तो गोळा तितका घट्ट नाही.

श्रेणी ब-१. नोंद: चित्रकलेत पैकीच्या पैकी. गोष्ट सांगताना रेंगाळतो.

"पण सर, राष्ट्रीय पुरस्कार मिळाला ना? मग तुम्ही कोण ब-१ देणारे?" विचारा, विचारा! पुरस्कार देणारे जाणकार असतात. त्यांचं मत मोलाचं. पण ते त्यांचं मत. बघणारे डोळे माझे, तर मत माझं. तुम्हाला अ-१ द्यावंसं वाटलं तर खुशाल द्या. फक्त खाली नोंद लिहा!

छावा

आता जरा अवघड पेपर. लक्ष्मण उतेकर यांचा 'छावा' १४ फेब्रुवारी २०२५ ला आला. छत्रपती संभाजी महाराजांवरचा, शिवाजी सावंतांच्या कादंबरीवरून घेतलेला हिंदी सिनेमा. थिएटरं भरून वाहिली. लोक रडत बाहेर पडले.

आमच्या चौथीच्या वर्गात त्यावर चर्चा रंगली. जो तो लढाईच्या प्रसंगांची नक्कल करून दाखवत होता. एक मुलगा गप्प होता. त्याला विचारलं, "तुला कसा वाटला?" तो म्हणाला, "ठीक होता सर. आवाज लय होता." बस! सारा वर्ग त्याच्यावर तुटून पडला. "तुले राजे आवडत नाही का गा?" तो बिचारा लगेच म्हणाला, "नाही नाही, भारी होता, भारी होता!"

मुलांनो, त्या मुलाचं मत बदललं नव्हतं. तो घाबरला होता.

मग मी मुलांना एक उदाहरण दिलं. समजा, चित्रकलेच्या तासाला तुम्ही संभाजी महाराजांचं चित्र काढलं. रंग छान भरले, पण घोड्याचे पाय वाकडे झाले. मी त्याला ब-२ दिलं. आता मला सांगा, मी ब-२ कुणाला दिलं? महाराजांना? छे! ते तुमच्या चित्राला दिलं. महाराज आहेत तिथेच आहेत, मान वर करून बघावं इतके उंच. उलट ज्यांचं चित्र आहे ते फार मोठे आहेत, म्हणूनच चित्र नीट हवं, असा आपला आग्रह असला पाहिजे.

सिनेमा हेही एक चित्रच आहे. म्हणून तपासू या. चांगलं काय? विकी कौशल यांनी जीव ओतून काम केलं आहे. अक्षय खन्ना यांचा औरंगजेब फारसा आवाज न चढवता भीती घालतो. कमी काय? इतर ठिकाणी आवाज मात्र उतरतच नाही. तलवारी, गर्जना, ढोल. सगळंच मोठ्याने सांगितलं की काहीच मोठं राहत नाही. शाळेच्या घंटेसारखं आहे ते. घंटा दिवसभर वाजत राहिली तर सुट्टी कधी झाली ते कळेल का? आणि संस्कृतात 'बुधभूषण' लिहिणारे विद्वान संभाजी महाराज मला आणखी बघायचे होते. लढाईच्या गर्दीत ते फारसे भेटले नाहीत.

श्रेणी ब-२. नोंद: आवेश भरपूर. सावकाश बोलल्यास अधिक परिणाम होईल.

हे वाचून कुणाला राग आला असेल तर मला पत्र लिहा. मात्र "तुम्हाला महाराजांबद्दल आदर नाही" असं लिहू नका, कारण ते उत्तर नाही. "सर, तो आवाज अमुक ठिकाणी आवश्यकच होता, कारण..." असं लिहा. त्या 'कारण'च्या पुढचं वाचायला मला फार आवडेल.

मत म्हणजे दगडावरची रेघ नाही

आता कुणी म्हणेल, सर, परीक्षक चुकतात की! चुकतात ना. १५ ऑगस्ट १९७५ रोजी 'शोले' आला, तेव्हा परीक्षकांनी त्याचं स्वागत अगदी थंडपणे केलं होतं. पुढे तोच सिनेमा मुंबईच्या मिनर्व्हा थिएटरात पाच वर्षं चालला! आजही गब्बरचे संवाद तुमच्या आजोबांना पाठ असतील. विचारून बघा.

म्हणून परीक्षण वाचायचंच नाही का? तसं नाही. नुसती चांदण्यांची संख्या बघाल तर फसाल. कारणं वाचाल तर फसणार नाही. एखाद्या परीक्षकाने लिहिलं, "फार सावकाश चालतो, म्हणून अडीच चांदण्या", आणि तुम्हाला सावकाश चालणारे सिनेमे आवडत असतील, तर तो सिनेमा तुमच्यासाठीच आहे! त्याच्या कारणावरून तुम्ही तुमचा निर्णय घेतला. परीक्षणाचा खरा उपयोग हाच.

आपल्या झाडीपट्टीतल्या लोकांना हे कुणी शिकवावं लागत नाही. दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरते, रात्रभर नाटक चालतं. पहाटे चहाच्या टपरीवर कान देऊन ऐका. "पयला अंक मस्त होता गा, मंग ढिला पडला." "गाणे बरे होते, पन तो खलनायक नुस्ताच ओरडे." कुणी चांदण्या देत नाही, पण प्रत्येकाकडे कारण असतं. रात्रभर थंडीत जागून बघितलेलं असतं ना, म्हणून ते फुकटचं मत नसतं!

आई-बाबांसाठी

पालकहो, आता दोन शब्द तुमच्याशी.

आमच्या भंडाऱ्याहून नागपूरला जाऊन सिनेमा बघायचा, तर साठेक किलोमीटरचा प्रवास. एसटीत आईचं आणि लहानग्यांचं तिकीट अर्धं असलं, तरी थिएटरची तिकिटं आणि मधल्या सुट्टीतलं खाणं धरून एका कुटुंबाचा खर्च बराच होतो. इतका खर्च केल्यावर मूल म्हणालं, "ठीकच होता", तर आपल्याला राग येतो. "एवढे पैसे घातले आणि याला काही पटतच नाही!" असं आपण बोलून जातो. पुढच्या वेळी मूल शहाणं होतं आणि न आवडलेल्याला भारी म्हणतं. म्हणजे पैसे खर्च करून आपण त्याला खोटं बोलायला शिकवलं!

त्याऐवजी एवढंच विचारा, "काय आवडलं? काय नाही आवडलं?" परतीच्या बसमधला वेळ त्याला पुरेसा आहे. 'सितारे जमीन पर' तर १ ऑगस्ट २०२५ पासून यूट्यूबवर शंभर रुपयांत आला. घरी बसून बघितलात तर मध्येच थांबवूनही बोलता येतं.

दुसरी गोष्ट प्रमाणपत्राची. २०२४ पासून यूए या गटाचे तीन भाग झाले आहेत: यूए ७+, यूए १३+ आणि यूए १६+. त्या वयाखालच्या मुलाने तो सिनेमा बघावा की नाही, हे पालकांनी ठरवायचं असतं. 'छावा'ला यूए १६+ प्रमाणपत्र होतं. त्यातला शेवटचा छळाचा भाग नऊ-दहा वर्षांच्या मुलाला झेपेल का, याचा विचार तिकीट काढण्याआधी करायला हवा. सिनेमा थोर पुरुषावरचा आहे म्हणून तो प्रत्येक वयाला चालतो असं नाही. आणि झेपला नाही म्हणून मूल डोळे मिटून बसलं, तर त्याला भित्रा म्हणू नका.

तर, पवनीच्या मित्रा...

तुला एका शब्दात उत्तर हवं होतं. एका शब्दात मी "बघ" म्हणेन किंवा "नको बघू" म्हणेन. मग तू माझं ऐकशील आणि तुझं डोकं रिकामंच राहील! म्हणून मी एका शब्दात सांगत नाही. "ठीक आहे" हे उत्तर द्यायला कुणी लाजू नये, आणि तेवढ्यावर थांबूही नये. पुढे 'कारण' हा शब्द जोडला की झालं.

आता गृहपाठ! तुम्ही शेवटचा बघितलेला कुठलाही सिनेमा घ्या. वहीचं एक पान घ्या. वर सिनेमाचं नाव आणि श्रेणी लिहा. खाली या चार प्रश्नांची उत्तरं लिहा.

१. कोणता प्रसंग अजून डोळ्यांसमोर आहे? का?
२. कुठे कंटाळा आला? त्या वेळी पडद्यावर काय चाललं होतं?
३. कुणाचं वागणं खरं वाटलं, कुणाचं खोटं?
४. हा सिनेमा तुम्ही कुणाला बघायला सांगाल, आणि कुणाला नाही सांगणार?

चौथ्या प्रश्नाचं उत्तर लिहिताना जास्त विचार करा. आजीला आवडेल तो सिनेमा धाकट्या भावाला आवडेलच असं नाही!

घरातल्या दोघांनी एकाच सिनेमावर वेगवेगळं पान लिहिलं आणि श्रेण्या जुळल्या नाहीत, तर दोन्ही पानं एकाच पाकिटात घालून पाठवा. भांडण मी सोडवणार नाही. दोन्ही नोंदी मात्र नक्की वाचेन.

पुढच्या अंकात भेटूच. तोवर, बघत राहा आणि बोलत राहा!

तुमचा,
सिनेमावाला सर